तिळ्यांचा बाप कोण?

भिंतीत चार भोकं पाडायची होती, एवढंच निमित्त. नोकरीसाठी एर्फुर्टला येऊन तीन आठवडे झाले होते, देव अजून कुकरच्या खोक्यावर बसले होते आणि बायको रोज सकाळी उदबत्ती ओवाळताना मध्येच माझ्याकडे बघायची. तेव्हा एका शनिवारी मी खाली घरमालकांकडे गेलो. माझं जर्मन पुण्यात शिकलेलं. म्हणजे व्याकरण चोख आणि शब्दांचा दुष्काळ. जिथे शब्द अडेल तिथे इंग्रजी शब्द जर्मन चेहऱ्यानं म्हणायचा, हा माझा शिरस्ता.

"तुमच्याकडे ड्रिलिंग आहे का?" मी विचारलं.

घरमालक गंभीर झाले. त्यांनी आधी जिन्यात कोणी आहे का ते पाहिलं, मला आत घेतलं आणि दार लावलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायचंय काय त्यात? घरात असतंच की. आमच्या पुण्याच्या घरी दोन आहेत."

"दोन?"

"एक माझं, एक सासऱ्यांनी दिलेलं."

"आणि तुम्ही ते... वापरता?"

"दिवाळीच्या आधी हटकून. शेजारी ओरडतात, पण दहा मिनिटांत काम होऊन जातं."

"कशावर चालवता?"

"भिंतीवर."

घरमालक खुर्चीत बसले.

पुढच्या पाच मिनिटांत जो उलगडा झाला तो असा. भोक पाडायच्या यंत्राला जर्मनमध्ये बोरमशीन म्हणतात. ड्रिलिंग म्हणजे तिळं, एका वेळी जन्मलेल्या तीन भावंडांपैकी एक. आणि ज्या शिकारी बंदुकीला तीन नळ्या असतात तिलाही जर्मन माणूस ड्रिलिंगच म्हणतो. कोकणात दोन नळ्यांच्या बंदुकीला दुबारी म्हणतात, त्या हिशेबानं ही तिबारी. घरमालकांच्या आजोबांची अशी एक बंदूक त्यांच्याकडे वारशानं आली होती. तिची सरकारदरबारी नोंद होती, ती पोलादी कपाटात बंद होती, आणि घरमालक स्वतः शिकारी नसल्यानं कायद्याप्रमाणे तिच्या तिन्ही नळ्यांत कुलपं ठोकलेली होती. बंदुकीला कुलूप, कपाटाला कुलूप आणि कपाटाच्या किल्लीलाही कुलूप. एवढा बंदोबस्त आमच्याकडे फक्त लोणच्याच्या बरणीला असे.

देव्हारा त्या दिवशी लागला नाही. बंदूक मात्र बघून झाली.

आता मी काही शस्त्रांचा शौकीन नव्हे. आमच्या घराण्यात शेवटचं हत्यार उचललं गेलं ते नारळ सोलायला. पण ही वस्तू बघताना हात आपोआप पाठीमागे गेले, देवळात जातात तसे. वर शेजारीशेजारी छर्ऱ्यांच्या दोन नळ्या, त्यांच्या पोटाखाली गोळीची एक बारीक नळी. दस्ता अक्रोडाचा, चापाभोवतीचं कडं म्हशीच्या शिंगाचं. पोलादी बाजूवर ओकची पानं आणि एक हरीण कोरलेलं. ते हरीण इतकं निवांत की आपण कशावर उभे आहोत याची त्याला बहुधा कल्पना नसावी. घरमालकांनी मानेजवळची एक कळ पुढे सरकवली आणि वरच्या पट्टीतून टुणकन एक इवलीशी पाती उभी राहिली. कळ मागे, पाती झोपली. पुढे, उठली. हे नेम धरायचं पान. कळ पुढे असली की पुढचा चाप खालच्या गोळीच्या नळीचा, मागे असली की वरच्या छर्ऱ्याच्या नळीचा. आम्ही दोघांनी ती पाती पंधरा-वीस वेळा तरी उठवली-बसवली. वय दोघांचं मिळून एकशे अठरा.

तीन नळ्या कशाला, असं विचारल्यावर घरमालक म्हणाले, "जंगलात उभं राहिल्यावर समोर ससा येईल की रानडुक्कर, हे ससा किंवा डुक्कर ठरवतं." हे पटण्यासारखं होतं. सशाला गोळी घातली तर मागे ससा उरत नाही, आणि डुकराला छर्रे मारले तर मागे शिकारी उरत नाही. म्हणून एकाच दस्त्यावर दोन्ही सोयी. जर्मन माणसाला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं एक छर्ऱ्याची आणि एक गोळीची अशी जोडी केली, तीन नळ्यांची केली, चार नळ्यांची फीरलिंगही केली. पाचवी नळी बहुधा खांद्यानं नाकारली असावी. आपल्याकडे हीच वृत्ती सोफा-कम-बेडमध्ये दिसते. फरक इतकाच, की सोफा-कम-बेडवर धड बसता येत नाही आणि झोपताही येत नाही. ड्रिलिंगच्या मात्र तिन्ही नळ्या चालतात.

तोवर सगळं ठीक होतं. मग मी तो प्रश्न विचारला.

"कुणी केली ही?"

मराठी माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. आपण माणसाला नाव विचारतो, मग आडनाव, मग "कुठले?", मग "म्हणजे मूळचे कुठले?", आणि त्यानं गाव सांगितल्यावर "वरची आळी की खालची?" याच्याशिवाय समोरचा माणूस आपल्याला पुरता दिसतच नाही. बंदुकीला मी तेच विचारलं. घरमालकांनी पट्टीवर बोट ठेवलं. तिथे सोन्याच्या अक्षरांत एक नाव आणि पुढे कासेल शहराचं नाव होतं.

"हा बनवणारा?"

"हा दुकानदार," घरमालक म्हणाले आणि थबकले. "मला वाटतं."

सत्तर वर्षं ज्या वस्तूबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं तिच्याबद्दलचा हा पहिला "मला वाटतं". मी तेव्हाच उठून बोरमशीन मागायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी वर चहाला बोलावलं नाही म्हणून त्यांनीच मला खाली बोलावलं. बायकोनं रिकाम्या हातानं जायला नको म्हणून स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू दिले. टेबलावर हिरवं फडकं, त्यावर सुटी केलेली बंदूक, शेजारी भिंग, टॉर्च, टोक केलेल्या चार पेन्सिली आणि एक जाडजूड रिंगची फाईल. फाईलच्या कण्यावर छापील अक्षरांत 'आजोबा' आणि खाली 'ड्रिलिंग'. जर्मनीत फाईल झाली की प्रश्न अस्तित्वात आला असं धरतात.

नळ्या उलट्या केल्या आणि मी चाटच पडलो. वरून सोवळी दिसणारी ती बंदूक पोटाखाली मुंबईच्या लोकलच्या डब्यासारखी लिहून काढलेली होती. अक्षरं, आकडे, मुकुट, बाण, ठिपके. एवढ्या गर्दीत बनवणाऱ्याचं नाव नसेल हे मला शक्यच वाटेना.

पहिल्या झटक्यात मला ते सापडलंही. कळीच्या बुडाशी स्वच्छ चार अक्षरं होती, डी. आर. जी. एम. जो समाज गदिमा, पुलं आणि चिंवि यांना नुसत्या अक्षरांवरून ओळखतो त्याला यात काय कठीण? डी. आर. जी. एम. हे कुणी ज्येष्ठ कारागीर असावेत, पांढऱ्या मिशांचे, थोडे तिरसट. मी तसं जाहीरही केलं. घरमालकांनी ते फाईलमध्ये पेन्सिलीनं लिहिलं. दोन दिवसांनी तेच लाजून म्हणाले, की ही अक्षरं त्यांच्या आजीच्या कॉफी दळायच्या यंत्रावरही आहेत. मग सायकलच्या जुन्या दिव्यावर निघाली. मग छत्रीवर. ज्येष्ठ कारागिरांचा व्याप फारच वाढत चालला तेव्हा आम्ही शोध घेतला. लहानसहान सुधारणेची जर्मनीत सरकारी नोंदणी होई, त्या नोंदणीची ही आद्याक्षरं. १८९१ पासूनची पद्धत. म्हणजे आपल्याकडे 'रजि. नं.' असतं ना, ते. मी एका रजि. नं.ला मिशा लावल्या होत्या.

दुसरा उमेदवार क्रुप. हे नाव तर नळीवर ठळक होतं. 'फ्लुस स्टाल क्रुप एसेन'. शब्दकोश काढला. फ्लुस म्हणजे नदी, स्टाल म्हणजे पोलाद, एसेन म्हणजे खाणे. 'क्रुप नदीचं पोलाद खातात.' घरमालक इतके हसले की भिंग खाली पडलं. एसेन हे शहर, तिथल्या क्रुपच्या कारखान्याचं हे पोलाद, आणि फ्लुस म्हणजे इथे वितळवून ओतलेलं. क्रुपनं पोलाद पुरवलं, बंदूक केली नाही. चकलीवर भाजणीच्या गिरणीचं नाव असावं तसं हे.

मग मुकुट. मुकुटाखाली एकेक अक्षर होतं आणि इथे मात्र घरमालकांच्या पुस्तकांनी हात दिला. जर्मनीत १८९१ साली कायदा झाला आणि १८९३ पासून लागू झाला, की कुठलीही बंदूक विकण्याआधी सरकारी परीक्षागृहात जाईल. तिथे तिच्यात नेहमीपेक्षा दांडगा बार भरून तो उडवायचा. नळी फुटली तर कारागिराचं नशीब, टिकली तर शिक्का. मुकुटाखाली यू म्हणजे तपासून पाहिली. जी म्हणजे नळीला आतून आटे आहेत. एस म्हणजे छर्ऱ्याची नळी. डब्ल्यू म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळलेलं आहे, छर्रे फार फाकू नयेत म्हणून. पुढे वर्तुळात १६. हे नळीचं माप, पण जुन्या पद्धतीनं मोजलेलं. नळीच्या मापाच्या, शिशाच्या अशा गोल गोळ्या घ्यायच्या की १६ मिळून एक पौंड भरेल. हे समजण्यासारखं आहे, आपल्याकडेही किलोत किती आंबे बसले यावरून आंब्याचा आकार कळतो. पण त्याआधीच्या पिढीतल्या बंदुकांवर गोळीच्या नळीचं मापही असंच लिहीत, आणि तिथे ११८.३५ असा आकडा सापडतो. एका पौंडात ११८ गोळ्या आणि वर एका गोळीचे पस्तीस शतांश! त्या पस्तीस शतांश गोळीचा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. पेढेवाला काटा जुळवायला शेवटचा पेढा मोडून घालतो तो किस्सा इथे सरकारमान्य झालेला.

गोळीच्या नळीखाली तर गोळीचं वजन होतं, १४.७ ग्रॅम. गोळीला पोलादी आवरण आहे अशी नोंद होती. दारू कुठल्या जातीची तेही होतं. म्हणजे पोलाद कुणाचं, कळ कुठे नोंदवली, परीक्षा कधी दिली, विषय कोणते, दारू कसली, विकली कुणी, सगळं. हे सगळं ज्यानं एकत्र आणून ती उठणारी-बसणारी पाती केली, तो तेवढा गैरहजर.

आणि एका कोपऱ्यात, बाकीच्यांपेक्षा बारीक, ५ २७.

"मे १९२७," घरमालक म्हणाले. मग भिंग खाली ठेवलं. मग परत उचललं.

झालं होतं असं, की त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक कथा चालत आली होती. आजोबा कासेलजवळच्या जंगलात वनरक्षक होते, तिथे एकदा खुद्द कायझर विल्हेल्म शिकारीला आला, त्याचा नेम चुकला, आजोबांनी डुक्कर लोळवलं, आणि कायझरनं खूष होऊन ही बंदूक दिली. आता अडचण अशी, की कायझरनं १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये गादी सोडली. मे १९२७ मध्ये तो हॉलंडमध्ये डोर्न इथे होता आणि लाकडं फोडत होता. ही थट्टा नाही, निर्वासित कायझरला लाकडं फोडायचा खरोखरच नाद होता. बंदुका वाटण्याच्या परिस्थितीत तो नसावा.

घरमालक बराच वेळ गप्प होते. मी त्यांना म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे निम्म्या घरांत पेशव्यांनी दिलेली तलवार असते आणि उरलेल्या निम्म्यांत ती मामानं विकलेली असते.

त्यांनी लाडू उचलला. चावायच्या आधी डबा फिरवून पाहिला आणि त्यावरच्या ठिपक्यांच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे काय?"

मी सांगितलं. आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानात एक माणूस असतो. तो कानाला पेन्सिल लावून बसतो, कागदावर नाव लिहून घेतो आणि सुईच्या यंत्रानं टर्रर्र करत ते भांड्यावर उमटवतो. कुणाकडून, कुणाला, कशाबद्दल आणि कधी. लग्नातलं भांडं असेल तर मामाचं नाव येतं, कधी मामाच्या कंपनीचंही. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे तांब्याच्या पत्र्याला ठोके देऊन देऊन बंब आणि हंडे घडवत. आमच्या घरात असा एक हंडा आहे. त्याच्यावर पणजोबांचं नाव आहे. पणजोबांनी त्यात अंघोळीचं पाणी काढलं, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. ज्यानं दहा-बारा हजार ठोके दिले त्याचं नाव...

मी वाक्य पुरं केलं नाही. घरमालकांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

मधल्या काळात आम्ही आजोबांच्या शिकारीच्या वह्याही वाचल्या, खरेदीची नोंद सापडेल म्हणून. त्या जुन्या जर्मन वळणात. हे वळण म्हणजे त्यांची मोडी. घरमालकांनाही दर तिसऱ्या शब्दाला अडखळायला होई. एवढं करून वाचलं तरी अर्थ लागेना, कारण जर्मन शिकाऱ्यांची स्वतःची एक भाषा आहे. ते रक्ताला घाम म्हणतात. सशाच्या कानांना चमचे म्हणतात, शेपटीला फूल, आणि हरणाच्या डोळ्यांना दिवे. त्यामुळे 'चमचे दिसले, फूल दिसलं, घाम नाही' अशी एक नोंद आम्हाला आधी एखाद्या मेजवानीची वाटली. ससा सुटला होता. आजोबांनी सुटलेल्या सशांची नोंद फार काव्यमय केली आहे. बंदुकीच्या किमतीबद्दल चकार शब्द नाही. आजीला कळू नये म्हणून असेल. वह्या स्वयंपाकघरातच ठेवलेल्या असत.

१९४५ च्या एका नोंदीपाशी मात्र घरमालक स्वतःच बोलू लागले. अमेरिकन सैन्य आलं, सगळ्यांनी बंदुका जमा करायच्या असा हुकूम निघाला. अनेकांनी केल्या, आणि त्यातल्या कितीतरी ड्रिलिंगा सैनिकांच्या पिशव्यांतून समुद्रापार गेल्या. आजोबांनी ही चरबीत लडबडवून, मेणकापडात गुंडाळून शेणाच्या ढिगाखाली पुरली. डाव्या नळीवरचे गंजाचे ठिपके त्या दिवसांचे. दुकानदाराकडे चौकशी करावी म्हटलं तर ऑक्टोबर १९४३ च्या बाँबहल्ल्यात कासेलचं जुनं शहर जळून गेलं, त्यात दुकान, वह्या, सगळं.

उरलं होतं एक गाव. परीक्षेचे शिक्के बघून घरमालकांच्या पुस्तकांनी एकमुखानं सांगितलं की ही बंदूक झूलची. बैलाच्या पाठीवर घालतात ती नव्हे. थुरिंजियाच्या डोंगरातलं हे झूल गाव, एर्फुर्टहून गाडीनं फार लांब नाही. गेलबर्ग सोडलं की तीन किलोमीटरचा बोगदा लागतो, १८८४ चा, आणि पलीकडे ओबरहोफ. मंकी हिलवर मोबाइलची रेंज जाते तशी तिथेही जाते, त्यामुळे मला लगेच घरच्यासारखं वाटलं. बंदूक नेली नाही, फाईल नेली. फाईलमध्ये आता प्रत्येक शिक्क्याचा फोटो होता आणि प्रत्येक फोटोखाली पट्टी ठेवून मिलिमीटरमध्ये माप.

झूलमध्ये शेकडो वर्षं बंदुका बनतात. झाउअर हे घराणं तिथलं, १७५१ पासूनचं. हेनेल १८४० चं, मेर्केल बंधू १८९८ चे. गावात आजही सरकारी परीक्षागृह आहे आणि बंदूक घडवणं व कोरीवकाम शिकवणारी शाळा आहे. चौकात हत्यारं घडवणाऱ्या लोहाराचा पुतळा आहे. मी सवयीनं विचारलं, "हे कोण?" घरमालक म्हणाले, "कोणी नाही. लोहार." इथेही तेच.

शस्त्रांचं संग्रहालय एका लाकडी चौकटींच्या जुन्या इमारतीत आहे. पूर्वी तिथे बीअरसाठी बार्ली भिजवून तिला मोड आणत. मोड आणण्यासाठी एवढी देखणी इमारत! आमच्याकडे मटकी पंचात बांधून पातेल्याखाली ढकलतात.

तिथे एका जागी हसू आपोआप थांबलं. झूलमध्ये झिमझन नावाच्या ज्यू कुटुंबाचा मोठा कारखाना होता, १८५६ चा. बंदुका, सायकली, मोटारी. १९३० च्या दशकात नाझींनी तो त्यांच्याकडून हिसकावला, कुटुंब देश सोडून गेलं, कारखान्यावरचं नावही पुसलं. युद्धानंतर पूर्व जर्मनीत तेच नाव मोपेडवर परत आलं. आमच्या गल्लीत अजून एक आहे, श्वाल्बे, म्हणजे पाकोळी. रोज सकाळी सातला ती फटफटत जाते. नाव परत आलं, कारखाना काही त्या कुटुंबाला परत मिळाला नाही. हे घरमालकांनी सांगितलं आणि पुढचं दालन आम्ही न बोलता पाहिलं.

मग एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याच्या कामाच्या खोलीत गेलो. खिडकीशी लांब बाकडं, त्यावर लहानमोठ्या पन्नासेक कानशी आकारानं लावलेल्या. त्याने चष्मा कपाळावर घेतला, आमच्या फाईलची पहिली वीस पानं न बघताच उलटली आणि विचारलं, "नंबर जुळतात?"

"कुठले?"

"नळ्यांवर एक, चाप बसतात त्या पेटीवर एक, पुढच्या लाकडाच्या लोखंडावर एक. तिन्ही सारखे हवेत. नसतील तर कुणाच्या तरी बंदुकीचं धड आणि कुणाचं तरी डोकं."

जुळत होते. घरमालकांनी मुलाचा दहावीचा निकाल दाखवावा तसे ते तीन फोटो दाखवले. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग भिंग लावून नळीच्या बुडाशी एका जागी थांबला. तिथे दोन अक्षरं होती, इतकी पुसट की आम्ही त्यांना ओरखडा समजून अर्ध्या पानात उरकलं होतं.

"हा घ्या," तो म्हणाला.

घरमालकांचा हात माझ्या दंडावर आला. "बनवणारा?"

"नळ्यावाला."

आणि मग त्यानं, एक कानस हातात फिरवत, आम्हाला गाव समजावून सांगितलं. झूलमध्ये एका घरात नळ्या होत. त्या आतून घासायच्या, सरळ करायच्या, तिन्ही एकमेकींना डाग देऊन अशा जोडायच्या की तापल्यावरही वाकड्या होऊ नयेत. हा नळ्यावाला. त्या तिथून दुसऱ्या घरी जात, तिथे पेटीवाला नुसत्या कानशीनं पेटी अशी बसवी की बंद केल्यावर सांध्यात काजळीही शिरू नये. तिसऱ्या घरी दस्तेवाला. चौथ्या घरी कोरणारा, तो आयुष्यभर हरणं आणि ओकची पानं. मध्ये कुठेतरी परीक्षागृह. मग एखादी मोठी पेढी ती घेई, किंवा कासेलचा दुकानदार आधीच मागणी देऊन ठेवी आणि पट्टीवर आपलं नाव सोन्यात घालून घेई.

"मग तुम्हाला नक्की कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

घरमालकांनी फाईलकडे पाहिलं. तिच्यात 'बनवणारा' या शब्दापुढे एकच ओळ आखलेली होती.

त्या दोन अक्षरांवरून नाव निघेल का? तो म्हणाला, या अक्षरांची चार तरी घरं होती, त्यात एका घरात बाप, मुलगा आणि पुतण्या. "पण," तो म्हणाला, आणि त्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा कोणीतरी आमच्या फाईलमधल्या फोटोकडे कौतुकानं बघत होतं, "ही पाती अजून उठते?"

"उठते."

"शंभरेक वर्षांची आहे. टुणकन उठते की रेंगाळते?"

"टुणकन."

"मग चांगला माणूस होता."

परतीच्या गाडीत घरमालक गप्प होते. मला वाटलं, कायझर गेला, दुकानदार गेला, आता नळ्यावालाही निम्माच सापडला, माणूस खचला असणार. ओबरहोफचा बोगदा संपल्यावर त्यांनी पिशवीतून आमचा डबा काढला. बायकोनं वाटेत खायला म्हणून दुसरी खेप भरून दिली होती. लाडू संपले होते. त्यांनी तो रिकामा डबा खिडकीच्या उजेडात धरला, खिशातलं भिंग काढलं आणि म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. 'ग. स. दे. १२-५-८४.'

"तुमचे कोण?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्यात दे कोणी नाही. बायकोच्या माहेरी नाही. एर्फुर्ट येईपर्यंत मी आईला फोन लावला.

"तो उंच डबा ना? आपला नाहीच तो," आई म्हणाली. "आपल्या डब्यांवर पूर्ण नाव आहे. तो मावशीकडून आला, तिच्या बारशाच्या वेळी. तिच्या म्हणजे तिच्या नातीच्या. पण मावशीचाही नाही रे. तिच्या गिरगावच्या चाळीत दिवाळीला फराळाची ताटं फिरायची, त्यात कुणाचा कुणाकडे राहिला देवाला ठाऊक. बघ, देशपांडे, देसाई, देवधर, कोणीही असेल. लगेच परत करायचा असतो डबा. का, मागायला आले का?"

मी घरमालकांना हे जमेल तसं जर्मनमध्ये सांगितलं. मावशी, चाळ, फराळ, तीन संभाव्य घराणी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पेन्सिलीला टोक आहे ना ते अंगठ्यावर पाहिलं आणि कोऱ्या कागदावर वर तारीख घातली. मग डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "झाकण मूळचंच आहे ना?"

मी झाकण उलटं केलं. त्याच्यावर 'सौ. कु. मा. भा.' होतं.